वर म्हणजे कुठून?

आधी माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याचा हात त्यासाठी तयार पाहिजे, आणि माझा तसा नाही. आमच्या घरात मेंढरं राखणारी, बाजार करणारी, गोष्टी रंगवून सांगणारी माणसं आहेत, पण कागदावर सहीपेक्षा जास्त लिहिणारा मी पहिलाच. कॉलेजच्या अंकासाठी सरांनी विसरता न येणाऱ्या व्यक्तीवर लिहायला सांगितलं, तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांनी आजोबा निवडले. मी म्हटलं, मी एका संगणक अभियंता बाईंवर लिहितो. सर म्हणाले, "त्यांचं विशेष काय?" मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, "सर, त्या कॉम्प्युटर कुणाचं ऐकतो ते शोधून काढायच्या." सगळा वर्ग हसला. ते शोधणं केवढं मोठं काम आहे, हे तेव्हा सांगता आलं नाही. इथं प्रयत्न करतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बारावी झाल्यावर पुढं शिकायचं की मेंढरांमागं जायचं, हे घरात ठरत नव्हतं. तेव्हा मामांनी मला झरीहून पाथरीला नेलं आणि बी-बियाणं, खतं विकणाऱ्या एका सहकारी संघाच्या शाखेत कंत्राटावर लावून दिलं. माझं काम माहिती संगणकात चढवायचं. संघाचं जिल्हा कार्यालय परभणीला, त्याच्या वर विभाग, आणि सगळ्यांच्या वर दूर मोठ्या शहरात मुख्यालय. शाखेतले संगणक आमच्या टेबलांवर होते, पण आमचे नव्हते. पडद्यावर चित्र कोणतं दिसावं, हात नाही लावला तर कुलूप किती वेळानं लागावं, कागद कोणत्या प्रिंटरवर निघावा, पेन ड्राइव्ह चालावा की नाही, हे सगळं वरून ठरून यायचं. सकाळी चालू झाला की संगणक आधी वरच्यांना विचारायचा, आज कसं वागू? मग तसं वागायचा. त्यामुळं काही बिनसलं की शाखेत एकच उत्तर तयार असायचं. "वरून आलंय."

मला हे उत्तर ओळखीचं होतं. रेशन कार्डावरून आजीचं नाव गेलं, ते वरून. शाळेला मास्तर मिळेना, ते वरून. माझे वडील हे सांगताना हात आभाळाकडं करायचे, त्यामुळं लहानपणी मला वाटायचं की सगळी ऑफिसं ढगात असतात.

या उत्तरावर चिडणारी एकच व्यक्ती मी पाहिली. त्या म्हणजे आपा.

नाव शाहीन. जिल्हा कार्यालयात त्या एकट्याच संगणक अभियंता, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या शाखा त्यांच्याकडे. कागदोपत्री मॅडम, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे आपाच म्हणायचे. पंचेचाळिशीच्या आसपास वय, अंगानं दणकट, डोक्यावर ओढणी, आणि हसू असं की ते ऐकून गेटवरचा हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवून म्हणायचा, "आल्या वाटतं." नम्रपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. "या जिल्ह्यात कॉम्प्युटरचं माझ्याएवढं कुणाला कळत न्हाई," त्या बिनधास्त सांगायच्या, "आन् हे मीच न्हाई सांगितलं तर तुमाला कळावं कसं?"

परभणीहून एसटीनं यायच्या. खांद्याला जाड कापडी पिशवी, तिच्यात पेचकस, स्वतःचा कीबोर्ड आणि भाकरीचा डबा. आल्या की आधी जेवण. "उपाशी माणसानं मशीन बंद-चालू करू नये, राग मशीनवर निघतो." मग ज्याचा संगणक बिघडलाय त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसायच्या. त्याची खुर्ची कधी घ्यायच्या नाहीत. साहेबांनी एकदा अदबीनं खुर्ची रिकामी करून दिली, तर म्हणाल्या, "बसा हो साहेब. घर तुमचं, मी पाहुणी."

बसल्या की पहिला प्रश्न ठरलेला. "काल कसं होतं?" काय झालं, कुणी केलं, असं विचारायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, काय झालं विचारलं की माणूस स्वतःला वाचवायला लागतो, काल कसं होतं विचारलं की आठवायला लागतो. आणि दुसरा प्रश्न, कुणी "वरून आलंय" म्हटलं की लगेच यायचा.

"वर म्हणजे कुठून?"

"वर म्हणजे... वरून."

"अरे बाबा, वर काय पतंग हाय का? मुख्यालय हाय, विभाग हाय, जिल्हा हाय. कुणी पाठवलं?"

मग पाठीवर थाप मारून समजवायच्या. आधी मुख्यालय बोलतं, मग विभाग, मग जिल्हा. तिघांनी एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं सांगितलं तर शेवटी बोलणाऱ्याचं चालतं, म्हणजे जिल्ह्याचं. पण मुख्यालयानं आपल्या हुकमाला कुलूप घातलं असलं तर खालचे सगळे गप. "सासूनं किल्ल्या कमरेला खोचल्यावर सून कितीबी शेवटी बोलली तरी काय व्हायलंय?" काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की आपल्या संगणकावर कोणकोणते हुकूम लागू झालेत त्यांची नावं दिसतात, ती ओळही त्यांनी सगळ्या शाखेला पाठ करून घेतली होती. आमचा शिपाई मिलिंददादा ती ओळ आरतीच्या चालीत म्हणायचा.

मला त्या 'कॉलेज' म्हणायच्या. मी तेव्हा कॉलेजात नव्हतो. "मी कॉलेजला न्हाई, आपा," असं मी पहिल्यांदा म्हणालो, तर म्हणाल्या, "माहीत हाय. आजपासून हाक मारायले, म्हणजे जावं लागंल."

एकदा साहेबांच्या संगणकाचं मोठं प्रकरण झालं. साहेबांना नात झाली होती आणि त्यांनी तिचा फोटो पडद्यावर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नात गायब, तिथं मुख्यालयाचं हिरव्या शेताचं चित्र. साहेबांनी परत लावला. परत शेत. असं रोज. साहेबांचा संशय मिलिंददादावर, कारण सकाळी खोली तोच उघडायचा. मिलिंददादा बेजार झाला. "साहेब, मला स्वतःचा फोटो लावता येत न्हाई, तुमच्या नातीला कशाला काढू?" शेवटी आपा आल्या, जेवल्या, स्टुलावर बसल्या.

"काल कसं होतं?"

"काल संध्याकाळी नात होती," साहेब म्हणाले.

आपांनी ती काळी खिडकी उघडली, नावं पाहिली आणि साहेबांसमोरच मिलिंददादाला जवळ बोलावलं. "हे बगा साहेब. चित्राचा हुकूम मुख्यालयाचा, कुलूप घातलेला. या माणसाचा काई संबंध न्हाई. सबूत पडद्यावर हाय, इल्जाम मागं घ्या."

साहेब ओशाळले. मिलिंददादाला म्हणाले, "चहा सांग रे." त्यांच्याकडून ही मोठीच माफी होती.

"मग माझ्या नातीचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

आपांनी फोटो कागदावर काढून आणायला लावला आणि स्वतः टेबलावरच्या काचेखाली सरकवला. "इथं कुणाचा हुकूम चालत न्हाई," म्हणाल्या. तो फोटो अजून तिथं आहे असं ऐकतो. नात आता बालवाडीत जाते.

पण आपा मला ज्या गोष्टीसाठी आठवतात ती ठोंबरे काकांची.

ठोंबरे काका आमच्या शाखेत काउंटरवर. आलेल्या शेतकऱ्याला पावती करून द्यायची, ती घेऊन त्यानं गोदामातून पोती उचलायची. काका माणूस तोंड बघून नाही, आवाजावरून ओळखायचे. रांगेत मागं कुणी खोकलं तरी म्हणायचे, "कोण, लक्ष्मण का? बस, तुझा नंबर लांब हाय." आम्हाला ही कला वाटायची. खरं म्हणजे साखरेच्या आजारानं त्यांची नजर उतरली होती, आणि कान कामाला लागले होते.

डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं होतं. मोठं अक्षर असलं तर काका आरामात वाचायचे. म्हणून ते संगणकावरची अक्षरं मोठी करून घ्यायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत बारीक. रोज मोठी करायची म्हटलं तर ती खिडकीच बारीक अक्षरांत, सापडता सापडायची नाही, आणि तोवर रांग दारापर्यंत गेलेली. मग काका तसेच डोळे बारीक करून पावत्या करायचे. आठाचे तीन व्हायचे, 'ध'चा 'घ' व्हायचा. धोंडीबा नावाचे एक गृहस्थ पावती घेऊन परत आले. "काका, आई-बापानं मला धोंडीबा केलं, तुमी घोंडीबा केलं. गोदामातला माणूस म्हणायलाय, घोंडीबाला घेऊन या."

सगळे हसले, काकाही हसले. पण अशा चुका वाढत गेल्या आणि जिल्ह्याकडून पत्र आलं की सुधारणा झाली नाही तर ठोंबरे यांना काउंटरवरून काढून गोदामात बसवावं. काकांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "गोदामात काय करू? पोती बोलत न्हाईत."

साहेब म्हणाले, "आमच्या हातात काय? अक्षरं वरूनच बारीक येतात."

मी आपांना फोन लावला. काळ्या खिडकीत कोणती नावं दिसतात ते त्यांनी विचारलं. पडद्याचं चित्र, कुलूप, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, असेच हुकूम होते. अक्षरांचा एकही नव्हता. "मंग नेमकं कुठून व्हायलंय हे?" त्या पहिल्यांदाच स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या. "येते."

त्या आल्या त्या दिवशी आठवडी बाजार होता, शाखेत गर्दी. आपांनी जेवण उरकलं आणि काकांच्या शेजारी स्टूल ओढलं. "भाऊ, आज तुमच्या मशीनला माहेरी पाठवते. कुणाचाच हुकूम नको. मंग एकेकाला घरात घेऊ. जो आल्यावर अक्षरं बारीक होतील, तो चोर."

बघता बघता काउंटरभोवती माणसं जमली. साहेबही खोलीतून बाहेर आले. मिलिंददादानं पैज लावली, "चोर मुख्यालय. हरलेल्यानं सगळ्यांना चहा." साहेब मुख्यालयाच्या बाजूनं, मीही मुख्यालयाच्या बाजूनं. रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "मला कळत न्हाई, पण चोर लांबचाच असतोय." आपांनी विभागावर बोट ठेवलं. "तिथला साहेब लय हुशाऱ्या करतो. मी सांगते, विभागच हाय."

आधी काकांची अक्षरं मोठी केली, मग मशीन बंद करून चालू केलं. कुणाचाच हुकूम नाही. अक्षरं मोठी. काका पडद्याकडं बघून म्हणाले, "आहाहा." आपांनी मुख्यालयाला आत घेतलं, मशीन परत चालू झालं. हिरवं शेत आलं, पण अक्षरं मोठीच. आमचे चेहरे पडले. आपा हसल्या, "सांगितलं व्हतं." विभागाला आत घेतलं. पेन ड्राइव्ह बंद झाला, अक्षरं मोठीच. आता आपा हसायच्या थांबल्या. त्यांनी जिल्ह्याला आत घेतलं. मशीन चालू झालं, आणि काका पुढं वाकले. अक्षरं बारीक.

साहेब आणि मिलिंददादा एकमेकांकडं बघायला लागले.

"जिल्हा म्हणजे कोण हो?" रांगेतल्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

आपांनी पडद्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पिशवीकडं पाहिलं. "जिल्हा म्हणजे मीच की!"

आणि अशा हसल्या की बाहेरच्या हमालानं पोतं खाली ठेवलं. हसू ओसरल्यावर त्यांना सगळं आठवलं. फार मागं तपासणीची गडबड होती, एका शाखेत कुणीतरी अक्षरं एवढी मोठी केली की पडद्यावर एकच शब्द मावायचा. आपांच्या समोर तेव्हा प्रिंटरच्या हुकमाची खिडकी उघडी होती. घाईत त्यांनी त्यातच भर घातली, सगळ्यांची अक्षरं सारखी, रोज सकाळी. म्हटलं, तपासणी झाली की काढू. ते राहून गेलं. म्हणून नावांत फक्त प्रिंटर दिसायचा आणि त्याच्या पोटात अक्षरं लपलेली.

"भाऊ," त्या ठोंबरे काकांना म्हणाल्या, "इतके दिवस तुमाला मी आंधळं करायले व्हते. आन् वरून विचारायले, वर म्हणजे कुठून म्हणून."

काका घाईनं म्हणाले, "असू द्या आपा, चुकून झालं."

"असू कामून द्यायचं?" त्यांनी तिथल्या तिथं तो हुकूम उपसून काढला, आणि काउंटरवर उभं राहूनच परभणीला फोन लावला. दोन्ही हातांनी हातवारे चालू होते, फोन खांद्यात धरलेला. "ठोंबरेंच्या चुका माझ्या नावावर लिवा. हौ, माझ्या. गोदामाचं पत्र मागं घ्या." मग सगळ्या बाजारकऱ्यांना चहा सांगितला, आणि वर भजी. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला की हुकमाचं नाव असं पाहिजे की वाचणाऱ्याला त्याच्या पोटातलं कळावं.

काका काउंटरवर राहिले. धोंडीबा परत धोंडीबा झाले.

पुढं मी परभणीला कॉलेजला आलो. वसतिगृहाचा प्रवेश अडला तेव्हा खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "वरूनच अडलंय." माझे पाय मागं वळत होते, पण तोंडातून आपोआप निघालं, "सर, वर म्हणजे कुठून?" ते गोंधळले, संगणकात बघायला लागले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "अरे, माझ्याकडंच आहे." मी हसू दाबलं. आपांना फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, "शाब्बास, कॉलेज."

त्याच सुमारास त्यांची मुख्यालयात बदली झाली, बढती मिळून. जायच्या आधी त्या प्रत्येक शाखेत जाऊन आल्या. मी सुट्टीला मामांकडे होतो म्हणून मला पाथरीच्या स्टँडवर भेटल्या. मिलिंददादा पिशवी उचलायला आला होता, पण पिशवी त्यांनी दिली नाही. ठोंबरे काका काउंटर सोडून आले होते. साहेबांनी पेढे पाठवले होते. बस सुटली आणि आपांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. कंडक्टर ओरडला, "बाई, आत घ्या डोकं!" पण त्या काकांनाच ओरडून सांगत होत्या, "भाऊ! अक्षरं बारीक झाली तर फोन करा! डोळे बारीक करू नका!" ओढणी उडत होती, ती एका हातानं धरली होती, दुसरा हात हलत होता. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

आणि अक्षरं झाली बारीक. पावसाळा संपता संपता मुख्यालयाचा नवा हुकूम आला, सगळ्या जिल्ह्यांत सगळं सारखं, अक्षरंसुद्धा, आणि वर कुलूप. परभणीच्या नव्या अभियंत्यानं हात वर केले. "वरून आलंय." काकांच्या पावत्यांत परत आठाचे तीन व्हायला लागले.

"काका, आपांना फोन करा ना," सुट्टीत पाथरीला गेलो तेव्हा मी म्हटलं.

"आता कसा करायचा रे," काका म्हणाले. "ती आता वरची झाली. वरच्याला आपण काय सांगणार?"

मी स्वतः लावून पाहिला. जुना नंबर बंद होता. मुख्यालयात लावला, तर फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरून कट झाला. शाखेत कुणीतरी म्हणालंही, "गेल्या वर, विसरल्या." मिलिंददादा त्याच्या अंगावर धावून गेला, पण रागावलेला तोही होता. साहेबांनी काकांसाठी गोदामाची खुर्ची पुसून ठेवायला सांगितली, आवाज खाली करून.

हा लेख मी इथपर्यंत लिहून थांबलो होतो, कारण पुढं काय लिहावं सुचत नव्हतं. मग परवा सकाळी ठोंबरे काकांचा फोन आला.

"अरे कॉलेज! अक्षरं मोठी आली!"

"कुठून आली?"

"वरून!"

सवयीनं मी विचारलं, "काका, वर म्हणजे कुठून?"

काका मोठ्यानं हसले. "तिचाच फोन आला व्हता. आधी तासलं मला. 'भाऊ, फोन कामून केला न्हाई?' मी म्हणलं, तुमी वर गेलाव. तर म्हणती, 'वर म्हणजे मीच की!'"

मग त्यांनी तिकडची हकीकत सांगितली. तो हुकूम निघाल्यापासून आपा त्या कुलपाच्या मागं लागल्या होत्या. सगळं सारखं पाहिजे म्हणणाऱ्या साहेबांशी बैठकीमागून बैठक भांडत होत्या. शेवटी त्यांनी एका बैठकीत मोठ्या पडद्यावरची अक्षरं इतकी बारीक केली की मोठे साहेब खुर्चीतून उठून पुढं आले. "असं दिसायलंय आमच्या पाथरीच्या भाऊला," त्या म्हणाल्या. आता सगळ्या जिल्ह्यांत, ज्याला पाहिजे त्याला त्याच्या डोळ्यांच्या मापाची अक्षरं, आणि हुकूम कुलूप घातलेला.

"काका, ती ओळ टाका ना," मी म्हटलं. "हुकमाचं नाव काय दिलंय बघा."

बटणांचा आवाज आला. मिलिंददादा मागून आरतीच्या चालीत ओळ सांगत होता. मग काका थांबले. आणि मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचून दाखवलं.

"डोळे. बारीक. करू. नका."

मग पलीकडं कुणीतरी खोकलं, आणि काका म्हणाले, "ठेवतो रे, रांग लागली. ये ये, धोंडीबा. हां, दिसायलाय 'ध'. चांगला हरभऱ्याएवढा दिसायलाय."